पाच मतांचा मतदारसंघ : सेंट्रल फिन्सबरी, १८८५ ते १९१८

आजचं व्याख्यान एका मतदारसंघावर आहे, एका माणसावर नाही, हे आधीच सांगून टाकू. कारण सेंट्रल फिन्सबरी म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं : दादाभाई नौरोजी. ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले पहिले भारतीय, साल १८९२. शाळेत आपण एवढं पाठ केलेलं असतं. त्या ओळीत दादाभाई आहेत, पण त्यांना मतं देणारे कुठेच नाहीत. आणि याच मतदारांनी तीनच वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांना पाडलं. मग या लोकांचं मत फिरलं होतं का? हा प्रश्न घेऊन आपण निघू या.

आधी जागा समजून घेऊ. हा लंडनमधला क्लर्कनवेल भाग. घड्याळं बनवणारे, जवाहिरे, छापखान्यातले कामगार, छोटे दुकानदार यांची दाट वस्ती. क्लर्कनवेल ग्रीन हा तिथला चौक राजकीय सभांसाठी प्रसिद्ध होता. १८३२ पासून फिन्सबरी हा दोन खासदार निवडणारा मोठा मतदारसंघ होता आणि त्याला जहाल परंपरा होती. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक काढणारा टॉमस वॅकली इथलाच खासदार. त्याचा जोडीदार टॉमस डनकम याने १८४२ मध्ये चार्टिस्टांचा प्रचंड अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला. १८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, जुन्या फिन्सबरीचे तुकडे पडले आणि त्यातून सेंट्रल फिन्सबरी निघाला. एक जागा, एक खासदार.

आता मत कुणाला होतं? बायकांना नव्हतंच. पुरुषांपैकीही सगळ्यांना नव्हतं. घरमालक किंवा भाडेकरू म्हणून वर्षभर एका जागी राहिल्याचं दाखवावं लागे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला वर्षाला किमान दहा पौंड भाड्याची अट, आणि आपला हक्क दरवर्षी नव्याने मागायचा. म्हणजे काय, तर काम बदललं, खोली बदलली, की मत गेलं. म्हणून निवडणूक मतदानाच्या दिवसाआधी मतदार यादीतच लढली जाई. दोन्ही पक्षांचे लोक यादी तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभे राहत, आपली नावं घुसवत आणि समोरच्यांची खोडायला लावत. कुठल्याही इमारतीत वर्ष काढलेल्या सोसायटी सेक्रेटरीला हे वेगळं सांगायला नको!

आता निकाल ओळीने बघू. १८८५ : लिबरल, हॉवर्ड स्पेन्सली. १८८६ : कॉन्झर्व्हेटिव्ह, फ्रेडरिक टॉमस पेंटन. १८९२ : लिबरल, दादाभाई. १८९५ आणि १९०० : कॉन्झर्व्हेटिव्ह, मॅसी-मेनवारिंग. १९०६ : लिबरलांच्या बाजूचे कामगार पुढारी, विल्यम स्टेडमन. १९१० च्या दोन्ही निवडणुकांत कॉन्झर्व्हेटिव्ह, मार्टिन आर्चर-शी. १९१८ मध्ये मतदारसंघच संपला.

या यादीशेजारी देशाचा निकाल ठेवा. १८८६ मध्ये आयर्लंडच्या होमरूलवरून लिबरल पक्ष फुटला, इथे लिबरल पडला. १८९२ मध्ये ग्लॅडस्टन परत आले, इथे लिबरल आला. १८९५ मध्ये देशभर लिबरलांची धूळधाण, इथेही तेच. १९०० ची निवडणूक बोअर युद्धाच्या गर्दीत झाली, जागा कॉन्झर्व्हेटिव्हांकडेच राहिली. १९०६ मध्ये लिबरल लाट, इथेही लाट. १९१० मध्ये लिबरलांच्या जागा देशभर घटल्या, त्यात ही एक गेली. सेंट्रल फिन्सबरी वाऱ्याबरोबर हलणारं पातं होतं, बरं का.

म्हणजे दादाभाई नुसते वाऱ्यावर निवडून आले? तसं म्हणणंही घाईचं होईल. निकाल बघा : दादाभाई २,९६१, पेंटन २,९५६. आधी तीन मतांचा फरक जाहीर झाला, फेरमोजणीत पाचाचा ठरला. विरोधकांनी त्यांच्या आडनावावर कोटी करून ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हटलं. पेंटनने निकालाविरुद्ध याचिकाही केली, पुढे ती मागे घेतली. इतक्या थोड्या फरकात प्रत्येक गोष्ट निर्णायक ठरू शकते. म्हणून अशा निकालाचं एकच कारण सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये.

दादाभाईंची तयारी सहा वर्षांची होती. १८८६ मध्ये ते शेजारच्या हॉलबर्नमधून उभे राहून मोठ्या फरकाने पडले. १८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरलांनी त्यांना उमेदवार ठरवलं, पण पक्षातूनच अडथळे आले. आधी रिचर्ड ईव्ह, मग फ्रेडरिक फोर्ड यांनी दावा सांगितला. निवडणूक अगदी जवळ येईपर्यंत हे भांडण चाललं. म्हणजे पेंटनशी लढण्याआधी त्यांना घरच्यांशी लढावं लागलं. त्यातच १८८८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिंबराच्या सभेत म्हणाले की, ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही. परिणाम उलटा झाला. ज्यांनी दादाभाईंचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांनाही ते माहीत झालं.

आणि समोर पेंटन कोण? शेजारची पेंटनव्हिल ही वस्ती ज्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते, त्यातलाच. एका बाजूला जमीनदाराचं नाव, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला जुना गणिताचा प्राध्यापक.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. १८९५ मध्ये मतदारांनी ‘भारतीय नको’ असं ठरवलं का? याचं उत्तर त्याच निवडणुकीत, थोडं पूर्वेला, बेथनल ग्रीनमध्ये सापडतं. तिथून मुंबईचेच दुसरे पारशी, मंचेरजी भावनगरी, निवडून आले. कुठल्या पक्षातर्फे? कॉन्झर्व्हेटिव्ह! भारताच्या प्रश्नावर ते दादाभाईंच्या जवळजवळ उलट टोकाला. म्हणजे वंशाचा विरोध नव्हता असं नाही, सॉल्सबरींचं वाक्यच पुरावा आहे. पण निकाल त्या एका गोष्टीने लागत नव्हता. पक्ष, आयर्लंड, भाडं, यादीतलं नाव, हे सगळं त्यात होतं.

मग त्या पाच मतांनी काय साधलं? २ जून १८९३ रोजी आयसीएसची परीक्षा इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी घ्यावी, हा ठराव कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, तरी सभागृहाने म्हटलं ते म्हटलं. १८९५ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला, त्यात दादाभाई सभासद होते. त्याच आयोगापुढे १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. घड्याळवाल्यांच्या वस्तीतला तो निकाल असा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचतो.

दादाभाई १९१७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी मतदारसंघही नकाशावरून गेला. त्याच १९१८ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या प्रौढ पुरुषांना आणि तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं. तो भाग आज इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरीत आहे. तिथे १९८३ मध्ये ख्रिस स्मिथ ३६३ मतांनी आणि २००५ मध्ये एमिली थॉर्नबेरी ४८४ मतांनी निवडून आल्या-गेल्याच्या चर्चा रंगल्या. दादाभाईंच्या हिशोबाने हे फरक भलते मोठे!

आज तिथे नौरोजी स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता आहे. नाव दादाभाईंचं, आणि ते योग्यच. पण त्या रस्त्यावरून जाताना त्या २,९६१ माणसांचीही आठवण ठेवू या. त्यांतले बरेच वर्षभर एका खोलीत टिकून राहिले, यादीत नाव राखलं, म्हणून मत देऊ शकले. आणखी सहा जणांनी खोली बदलली असती, तर आपल्या पाठ्यपुस्तकातली ती ओळ कदाचित वेगळी झाली असती.

पुढच्या वेळी आपण बॅटरसी नॉर्थला जाऊ, शापुरजी सकलातवालांच्या मतदारसंघात.