दारावरची टकटक : पोर्ट स्कॅनरची गोष्ट

संगणकाच्या जाळ्यात 'पोर्ट' म्हणजे बंदर नव्हे, दार. बदलापूरजवळ खरवईला एखाद्या सोसायटीत पत्र पाठवायचे तर इमारतीचे नाव पुरत नाही, खोली क्रमांकही लिहावा लागतो. तसाच जाळ्यावरच्या संगणकाला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर क्रमांक घातलेली दारे असतात. क्रमांकासाठी १६ बिट राखून ठेवलेले असल्याने एकूण ६५,५३६ क्रमांक मिळतात. कोणत्या दारामागे कोण हाकेला ओ द्यायला बसले आहे, हे ओळीने टकटक करून पाहणारी आज्ञावली म्हणजे पोर्ट स्कॅनर. ती दहा-बारा ओळींत लिहिता येते. मग ती शाळेत शिकवावी का? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

अमेरिकेतील अर्पानेट ह्या जाळ्यावर जॉन पोस्टेल हे शास्त्रज्ञ अशा क्रमांकांची नोंद ठेवीत. फाइलसाठी २१, टेलनेटसाठी २३, टपालासाठी २५. हे क्रमांक विषमच का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. जुन्या पद्धतीत एक जोडणी एकाच दिशेने चाले. म्हणून जाण्यायेण्यासाठी सम-विषम क्रमांकांची जोडी लागे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी ही पद्धत स्वीकारली. तिच्यात एकच जोडणी दोन्ही दिशांना चालते. जोडीची गरज संपली, विषम क्रमांकांची सवय मात्र उरली. मधला रिकामा २२ क्रमांक १९९५ मध्ये फिनलंडच्या ताटू युलोनेन यांनी 'एसएसएच' ह्या सुरक्षित जोडणीसाठी मागून घेतला.

टीसीपीची रीत घरगुती आहे. पाहुणा विचारतो, 'येऊ का?' घरातून उत्तर येते, 'या.' पाहुणा म्हणतो, 'आलो.' एवढे तीन निरोप झाले की जोडणी पुरी. दारामागे कोणी नसेल तर स्पष्ट नकार येतो. मध्ये फायरवॉल नावाचा पहारेकरी असेल तर तो बहुधा निरोपच गिळून टाकतो आणि काहीच उत्तर येत नाही. होकार, नकार आणि मौन. स्कॅनरचे सारे शास्त्र ह्या तीन उत्तरांत आहे.

आपल्याकडे हे जाळे प्रथम अर्नेटच्या रूपाने आले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ह्या प्रकल्पात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी ह्या संस्था होत्या. वापरणारे मुख्यतः संशोधक आणि प्राध्यापक. अशा ओळखीच्या वाड्यात दाराला कडी नसली तरी फारसे बिघडत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि वाड्याचा रस्ता झाला.

त्याच वर्षी ५ एप्रिलला डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी 'सेटन' ही आज्ञावली सर्वांना फुकट दिली. तिचा बराचसा भाग पर्ल ह्या स्क्रिप्ट भाषेत होता. जाळ्यावरच्या संगणकांची दारे तपासून ती त्यांतले कच्चे दुवे दाखवी आणि दुरुस्ती कशी करावी हेही सांगे. नावाचा अर्थ सैतान! ज्यांना ते खटके त्यांच्यासाठी सोबत एक छोटी आज्ञावली होती; ती चालवली की नाव 'सांता' होई. चोरांच्या हाती किल्ल्या दिल्या, अशी ओरड झाली. प्रकाशनाच्या सुमारास फार्मर यांची सिलिकॉन ग्राफिक्समधली नोकरीही गेली. पण ज्या प्रलयाचे भाकीत झाले होते तो आला नाही. १९९७ मध्ये 'एनमॅप' आली. ती आजही जाळ्यांची देखभाल करणाऱ्यांच्या नित्य वापरात आहे.

आता आपला स्कॅनर. पायथन भाषेत 'सॉकेट' हे तयार साधन मिळते. लक्ष्य म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता घ्यावा; ह्याचा अर्थ 'मी स्वतः', म्हणजे समोरचाच संगणक. १ ते १०२३ ह्या प्रत्येक क्रमांकासाठी एक सॉकेट उघडावे, वाट पाहण्याची मर्यादा अर्धा सेकंद ठेवावी, जोडणीचा प्रयत्न करावा. उत्तर शून्य आले तर दार उघडे; क्रमांक छापावा. मग सॉकेट बंद करून पुढचे दार. सर्वत्र मौनच मिळाले तरी सुमारे साडेआठ मिनिटांत काम संपते. सर्व क्रमांकांना किती वेळ लागेल? हे गणित मुलांनी करावे. नऊ तासांहून अधिक येते.

उघडे दार म्हणजे दोष नव्हे. संकेतस्थळाला ८० किंवा ४४३ उघडे ठेवावेच लागते. धोका असतो तो मालकाला ठाऊक नसलेल्या दाराचा. लहान कारखान्यातला कॅमेरा किंवा घरातला राउटर असे दार गुपचूप उघडे ठेवू शकतो.

टकटक मालकाची असो वा चोराची, तिचा आवाज सारखाच. फरक परवानगीचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात किंवा जाळ्यात शिरण्याबद्दल भरपाई सांगितली आहे. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून शाळेतली तपासणीही मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीनेच व्हावी.

ही विद्या लपवून मुले तिच्यापासून दूर राहत नाहीत. ती दुसरीकडून, परवानगीचा धडा वगळून शिकतात. म्हणून आम्हांला वाटते, ती वर्गातच शिकवावी, आणि पहिली टकटक स्वतःच्याच दारावर करायला लावावी.