जंतू पिऊन नेमकं काय सिद्ध झालं?

पोटातल्या अल्सरच्या संशोधनाची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात डॉ. बॅरी मार्शल जंतूंचं द्रावण स्वतः प्यायले, आजारी पडले आणि अल्सर जंतूंमुळे होतो हे सिद्ध झालं. गोष्ट छान आहे, पण तिचा शेवट चुकीचा आहे. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर ही चूक नीट समजून घ्या.

आपल्याकडे आजही पोटात जळजळलं की आधी तिखट सोडायला सांगतात. त्या काळी डॉक्टरही अल्सरचं कारण म्हणून ताण आणि जास्तीचं ॲसिड यांकडेच बोट दाखवायचे. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी जखम भरायची, गोळ्या थांबवल्या की बहुतेकांना पुन्हा व्हायची.

१९७९ मध्ये रॉयल पर्थ हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या तपासणीत वाकडे जंतू दिसले. त्यांनाच आज आपण हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो. पुढे मार्शल त्यांच्यासोबत आले. दोघांनी १०० रुग्ण तपासले. त्यांत लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेले १३ जण होते आणि तेराही जणांत जंतू सापडले. पण जंतूंमुळे अल्सर झाला, की अल्सर झाल्यावर जंतू तिथे वस्तीला आले? नुसत्या सोबत असण्यावरून हे ठरत नाही.

म्हणून मार्शल जंतू प्यायले. आठवडाभरात उलट्या सुरू झाल्या, तपासणीत जठराला सूज दिसली. अल्सर मात्र झाला नाही! म्हणजे निरोगी जठराला हे जंतू सूज आणू शकतात, एवढंच कळलं. तेही एकाच माणसात.

स्वतःवर प्रयोग करण्याचं असंच एक उदाहरण मुंबईतलं आहे. प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ती सोसली, हे कळलं. ती प्लेग रोखते का, हे पाहायला भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना करावी लागली.

अल्सरबाबत तशी तुलना १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. अल्सर आणि जंतू दोन्ही असलेल्या १०० रुग्णांना वेगवेगळे उपचार दिले गेले. ज्यांच्यातले जंतू टिकले, त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांना वर्षभरात अल्सर पुन्हा झाला. जंतू गेलेल्यांत हेच प्रमाण २१ टक्के होतं. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

तरीही विषय संपत नाही. हे जंतू पोटात असलेल्या बहुतेकांना अल्सर होतच नाही आणि काहींना तो वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक पुराव्यापुढे दोन ओळी लिहून ठेवा: यातून काय कळतं आणि काय कळत नाही. गाईड दुसऱ्या ओळीबद्दलच आधी विचारतील.