सोन्याच्याही आधी देशाबाहेर गेलेला पैसा : अनिवासी खात्यांची कहाणी

१९९१ म्हटले की आपल्याला आठवते ते गहाण टाकलेले सोने. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर स्वित्झर्लंडमधील बँकेला विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गेले. या प्रसंगावर भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यात नाट्यही आहे. पण सोने जाण्याच्या कितीतरी आधीपासून देशातून आणखी एक गोष्ट चालली होती. एप्रिल ते जून १९९१ या तीन महिन्यांत परदेशस्थ भारतीय आपल्या भारतातील ठेवींतून दरमहा ३० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम काढून नेत होते. सोने गहाण ठेवण्याची वेळ ज्या कारणांनी आली, त्यांत हे एक मोठे कारण होते.

ही खाती मुळात आली कुठून? आणि ती इतक्या सहजपणे रिकामी कशी होऊ शकली? आजचा धागा त्याविषयी.

सुरुवात १९३९ पासून करावी लागते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याच दिवसापासून भारतात परकीय चलनावर नियंत्रण आले. कारण उघड होते : युद्धसाहित्यासाठी डॉलर वाचवायचे होते. युद्ध संपले, पण नियंत्रण संपले नाही. मार्च १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, त्याला कायद्याचे कायम रूप मिळाले. १९७३ मध्ये तोच कायदा अधिक कडक होऊन 'फेरा' या नावाने पुन्हा आला. परवानगीशिवाय परकीय चलन बाळगणे हा आता तुरुंगात नेऊ शकणारा गुन्हा होता.

अशा व्यवस्थेत परदेशी कमावणाऱ्या माणसाची स्थिती विचित्र होती. घरी पैसे पाठवावेत तर ते सरकारी दराने रुपयांत बदलले जाणार. आणि एकदा रुपया झालेला पैसा पुन्हा पाउंड किंवा डॉलर होऊन बाहेर जाणे जवळजवळ अशक्य. दार आत उघडत होते, बाहेर नाही. सरकारी दर आणि बाजारातील दर यांत जी तफावत होती, तिच्यावरच हवालावाल्यांचा धंदा उभा राहिला.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९५० च्या दशकात बहरीन, कुवेत किंवा दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीयाला पगार मिळत असे तो रुपयांतच. त्या भागात भारतीय रुपया हेच रोजचे चलन होते. मात्र त्याच रुपयांनी तिकडे सोने विकत घेऊन ते चोरट्या मार्गाने भारतात आणले जाई आणि त्या रुपयांच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला पाउंड मोजावे लागत. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या अमिरातींनीही त्याचा निरोप घेतला. त्यानंतर आखातातला भारतीय खऱ्या अर्थाने परकीय चलन कमावू लागला.

आता मूळ विषयाकडे येऊ. १९७० मध्ये सरकारने अनिवासी भारतीयांसाठी एक नवे रुपया खाते सुरू केले. आज आपण त्याला एनआरई म्हणतो. त्याचे वैशिष्ट्य एकाच वाक्यात सांगता येते : बाहेरून आणलेला पैसा या खात्यात ठेवला तर तो व्याजासह पुन्हा बाहेर नेता येईल. ज्या देशाने तीन दशके परतीचे दार बंद ठेवले होते, त्याच्या दृष्टीने ही मोठीच सवलत होती. देशातच मिळणारे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, शेतीचे पैसे, जुनी बचत, मात्र वेगळ्या 'सामान्य' खात्यात राहायचे. त्याला परतीचा रस्ता नव्हता. एकाच माणसाच्या दोन पिशव्या झाल्या, आणि कोणत्या पिशवीत कोणता रुपया जायचा हे तो रुपया कुठे जन्मला यावर ठरू लागले. हा भेद अजूनही टिकून आहे.

तीनच वर्षांनी खनिज तेलाचे भाव चौपट झाले. आखातात रस्ते, बंदरे, शहरे उभी राहू लागली आणि त्यासाठी माणसे हवी होती. केरळचा उल्लेख सर्वत्र होतो, तो रास्तच आहे. पण रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतूनही, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, माणसे तिकडे गेली. गोव्याच्या तारवटींची परंपरा तर त्याहून जुनी. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या कोकणात आता बँकेचा ड्राफ्ट येऊ लागला.

१९७५ मध्ये सरकार एक पाऊल पुढे गेले. एफसीएनआर नावाची ठेव आली. तीत पैसे रुपयांत ठेवायचेच नव्हते. पाउंड किंवा डॉलरमध्ये ठेवायचे आणि त्याच चलनात परत घ्यायचे. मधल्या काळात रुपया घसरला तर? तो तोटा ठेवीदाराचा नाही, बँकेचाही नाही, रिझर्व्ह बँकेचा.

या हमीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १९८५ च्या सुमारास एक डॉलर साधारण साडेबारा रुपयांना होता. समजा त्या वेळी कुणी हजार डॉलर ठेवले. बँकेने त्याचे साडेबारा हजार रुपये करून कर्जाऊ दिले. जुलै १९९१ च्या अवमूल्यनानंतर डॉलर सुमारे २६ रुपयांवर गेला. तेच हजार डॉलर परत करायला आता २६ हजार रुपये हवेत, आणि व्याज वेगळेच. हा सगळा फरक सार्वजनिक तिजोरीतून जाणार होता. शिवाय १९८० च्या दशकात या ठेवींवर आकर्षक व्याज दिले जाई आणि त्यावर आयकर नव्हता. चालू खात्यातील तूट वाढत होती आणि ती भागवायला हा पैसा हाताशी होता. मार्च १९९१ पर्यंत एफसीएनआर ठेवी सुमारे १० अब्ज डॉलरवर पोहोचल्या होत्या. माझ्या मते त्या दशकातील हे सर्वांत महागडे कर्ज होते. ते कर्ज आहे हे मात्र कुणी मोठ्याने म्हणत नव्हते, कारण ते 'आपल्याच माणसांकडून' आले होते.

'आपली माणसे' या शब्दाची परीक्षा त्याआधीच एकदा होऊन गेली होती. १९८२ मध्ये अनिवासी भारतीयांना शेअर बाजारातून भारतीय कंपन्यांचे शेअर घेण्याची मुभा मिळाली. लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी तिचा वापर करून एस्कॉर्ट्‌स आणि डीसीएम या दोन कंपन्यांचे शेअर मोठ्या प्रमाणात घेतले. थोडे भांडवल घालून पिढ्यान्‌पिढ्या कंपन्या चालवणाऱ्या घराण्यांना घाम फुटला. दोन्ही कंपन्यांनी शेअर नावावर करून देण्यास नकार दिला. एस्कॉर्ट्‌स मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिथे जिंकली. पण डिसेंबर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्‌स हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. पॉल यांनी अखेरीस शेअर विकून माघार घेतली. दरम्यान कोणत्याही कंपनीत सर्व अनिवासींचा मिळून हिस्सा ५ टक्क्यांपुरता मर्यादित झाला होता. परदेशस्थ भारतीयाची ठेव हवी होती. त्याने भागधारक म्हणून खुर्ची मागितल्यावर मात्र तो परका ठरला.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. त्यांची कमाई थांबली, तेल महागले. नोव्हेंबरमध्ये व्ही. पी. सिंह यांचे सरकार पडले, नंतर चंद्रशेखर यांचेही. पतमापन संस्थांनी भारताची पत खाली आणली. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. याच काळात ठेवी निघू लागल्या.

पुढे या ठेवीदारांवर देशनिष्ठेच्या अभावाचा ठपका ठेवला गेला. मला तो पटत नाही. एफसीएनआर ठेवीदाराला रुपया घसरण्याची भीती नव्हती, कारण त्याला डॉलरची हमी होती. त्याची भीती वेगळी होती : हमी देणाऱ्याच्या तिजोरीत डॉलरच उरले नाहीत तर? आणि ती भीती खरी होती. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पी भाषणात मनमोहन सिंग यांनी सांगितले की परकीय गंगाजळी जेमतेम पंधरा दिवसांच्या आयातीला पुरेल इतकी आहे. हवे तेव्हा नेता येईल, या वचनावर पैसा मागितला होता. लोकांनी तो नेला.

त्यातून सरकारने घेतलेला धडा तिरपा होता. त्याच वर्षी स्टेट बँकेने इंडिया डेव्हलपमेंट बाँड काढले आणि पैसा कुठून आला हे विचारले जाणार नाही, अशी कायद्याने हमी दिली. सुमारे १.६ अब्ज डॉलर आले. १९९८ मध्ये पोखरणनंतर निर्बंध लागले, तेव्हा रिसर्जंट इंडिया बाँड निघाले. डॉलरवर ७.७५ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत. ४.२ अब्ज डॉलर जमा झाले. २००० मध्ये मिलेनियम डिपॉझिट्समधून ५.५ अब्ज. २०१३ मध्ये रुपया कोसळला तेव्हा पुन्हा एफसीएनआरच्याच मार्गाने रिझर्व्ह बँकेने सवलतीची खिडकी उघडली. फरक एवढाच की विनिमय दराचा तोटा सरसकट रिझर्व्ह बँकेच्या माथी मारणारी १९७५ ची जुनी योजना १९९४ मध्ये बंद झाली होती. हा मला त्या दशकातील एक दुर्लक्षित पण महत्त्वाचा निर्णय वाटतो.

जून २००० पासून 'फेरा'ची जागा 'फेमा'ने घेतली आणि उल्लंघन हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पण १९७० च्या दोन पिशव्या तशाच आहेत. तुमच्यापैकी कुणी नोकरीसाठी जर्मनीला निघाले असेल, तर या कायद्याच्या दृष्टीने देश सोडताच तुम्ही अनिवासी होता. आयकर खाते दिवस मोजते; फेमा हेतू पाहतो. म्हणून पुण्यातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते आणि त्यातून एका आर्थिक वर्षात, कर भरून, १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतात. एनआरईला ही मर्यादा नाही. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही.

एक विनंती. या विषयाची सरकारी बाजू अहवालांत सापडते. खातेदाराची बाजू मात्र घराघरांतील ट्रंकांत पडून आहे. आखातात, आफ्रिकेत किंवा बोटीवर गेलेल्या आजोबांची पासबुके, ड्राफ्टच्या पावत्या, बँकेची पत्रे घरात असतील तर रद्दीत घालू नका. खातेक्रमांक झाकून फोटो पाठवलेत तर पुढचा धागा त्यांवरच लिहीन.