अस्वलाचा टी-शर्ट

लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो, तेव्हा सोनोमा गावात नातीने मला एक टी-शर्ट घेऊन दिला. छातीवर चालणारं अस्वल, तांबडी चांदणी, खाली 'कॅलिफोर्निया रिपब्लिक' आणि १८४६ हे साल. सोनोमा म्हणजे द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं छोटंसं गाव. चौकातल्या दुकानांत वाइनच्या बाटल्यांशेजारी हेच अस्वल टोप्यांवर, स्वेटशर्टवर, अगदी तान्ह्या बाळांच्या झबल्यांवरसुद्धा!

मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे साल दिसलं की पुढे काय झालं ते शोधावंच लागतं.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा मुलूख होता. १४ जूनच्या पहाटे तीसेक अमेरिकन घोडेस्वार गावात शिरले आणि त्यांनी जनरल मारियानो व्हायेहो यांना घरातच पकडलं. गंमत अशी, की हा प्रदेश अमेरिकेत जावा असं व्हायेहोंचंच मत होतं. सोनोमाचा चौकही त्यांनीच १८३५ मध्ये आखलेला. त्यांनी आलेल्यांना मद्य पाजलं, बोलणी केली, आणि तरीही त्यांना सटरच्या किल्ल्यात जवळजवळ दोन महिने कैदेत काढावे लागले. पाहुणचाराची ही परतफेड!

मग झेंडा हवा म्हणून साध्या सुती कापडावर विल्यम टॉड या तरुणाने (हा लिंकनच्या बायकोच्या नात्यातला) अस्वल काढलं. खालचा लाल पट्टा कुणाच्याशा फ्लॅनेलच्या परकराचा होता असं सांगतात. म्हणजे कपड्याचा झेंडा झाला आणि आता झेंड्याचे कपडे. अस्वल इतकं बेतास बात होतं म्हणे, की गावकऱ्यांना ते डुक्कर वाटलं. ९ जुलैला अमेरिकेचा झेंडा चढला. पंचवीस दिवसांत रिपब्लिक आटोपलं. मूळ झेंडा १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला. १९११ मध्ये त्याच नमुन्याचा झेंडा राज्याने स्वीकारला, आणि १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातली ही ग्रिझली अस्वलंच संपली. शिकार करून संपवली.

पण मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. चौकाच्या कोपऱ्यावर १८२३ सालचं मिशन आहे. गावातली पहिली द्राक्षं तिथल्या पाद्र्यांनी लावली, म्हणजे लावून घेतली; राबले ते कोस्ट मिवॉक, पॅटविन, वापो वगैरे इथले मूळ लोक. मिशनच्या बाजूला एक दगडी भिंत आहे. तिथे दगावलेल्या आठशेहून अधिक लोकांची नावं तिच्यावर कोरली आहेत. नावंही त्यांची नव्हेत, बाप्तिस्मा देताना ठेवलेली स्पॅनिश नावं. मी बराच वेळ वाचत उभा होतो. या भिंतीचा टी-शर्ट मात्र कुठल्याच दुकानात दिसला नाही.

असो. टी-शर्ट जरा ढगळ आहे, सकाळी फिरायला जाताना घालतो. कट्ट्यावर कुणी विचारलं, "हे कसलं हो अस्वल?" तर मी व्हायेहोंपासून सुरुवात करतो. नातीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही भिंतीपासून करा ना."