चाकांवरचं बिऱ्हाड

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावर की घाटाखाली? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की मे महिन्यात हा फरक अंगाला कळतो. खाली पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याची बंद गाडी अशा उन्हात तासभर उभी राहिली तर आतल्या लोखंडाला हात लावण्याची सोय राहत नाही.

आणि नेमक्या अशाच गाडीत बिऱ्हाड मांडून फिरण्याची हौस आता महाराष्ट्रात मूळ धरू लागली आहे. मालवाहू व्हॅन घ्यायची, आत प्लायचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी आणि पंखा बसवायचा, हे सगळं शक्यतो स्वतःच्या हातांनी करायचं आणि लोणार, शेगाव, अजिंठा अशी वाट धरायची. ही हौस बाहेरून आलेली वाटते, पण ते अर्धंच खरं आहे. तिचं एक घराणं युरोपातलं असलं तरी दुसरं आपल्या जत्रांच्या वाटेवर वाढलं. व्हॅनमध्ये काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, याचं शहाणपण या दुसऱ्या घराण्याकडे जास्त आहे.

आधी युरोपातलं. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. पोटापाण्यासाठी भटकणारे लोक युरोपात गाडीत राहतच होते. स्टेबल्स मात्र निव्वळ सहलीसाठी गाडीत राहिले आणि इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. गाडीतच निजायचं आणि गाडीतच रांधायचं. तिथल्या पावसाला आणि गारठ्याला हेच शहाणपणाचं होतं.

मोटारीच्या जमान्यात ही कल्पना जर्मनीत पक्की झाली. डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ साली वहीत एका डबेवजा गाडीचं रेखाटन केलं आणि १९५० मध्ये त्यातूनच फोक्सवॅगनची ‘ट्रान्सपोर्टर’ व्हॅन कारखान्याबाहेर पडली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीनं तिच्यासाठी बसवता-काढता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणली. आठवडाभर माल वाहायचा आणि रविवारी तीच पेटी आत सरकवून कुटुंबाला घेऊन निघायचं. साठ-सत्तरच्या दशकांत अशा व्हॅन इस्तंबूल, तेहरान, काबूल करत भारतात पोचल्या. गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांचे तळ पडले. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि ती वाट बंद पडली.

पण या व्हॅनची एक चुलत बहीण त्याआधीच पुण्याजवळ नांदायला आली होती. हँबुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीनं १९४९ साली ‘टेम्पो मॅटाडोर’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगन बीटलचंच इंजिन होतं. पुढे ते इंजिन मिळणं थांबलं आणि दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. याच विडाल कंपनीशी करार करून १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी बजाज टेम्पोची उभारणी केली. आधी तीनचाकी आली आणि साठचं दशक संपता संपता आकुर्डीच्या कारखान्यात मॅटाडोर तयार होऊ लागली. दूध, भाजी, वऱ्हाड, शाळेची मुलं, पेशंट. मॅटाडोरनं वाहिलं नाही असं काही उरलं नाही.

तिची एक खुबी जाणकार मेस्त्री आजही सांगतात. मॅटाडोर पुढच्या चाकांवर ओढायची, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट पोटाखाली नव्हताच. साहजिकच फरशी जमिनीजवळ आली. मागचं दार उघडलं की म्हातारं माणूसही फार त्रास न होता आत पाऊल टाकी, स्ट्रेचर अलगद आत सरके. मॅटाडोरची इतकी रुग्णवाहिका झाली, त्यात या फरशीचा वाटा मोठा. १९८७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’चा सांगाडा मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेला आणि तिची ओढ मागच्या चाकांवर. फरशी चढली, पण छतही चढलं. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये बहुतेकांना उभं राहता येतं, म्हणून आज घर बांधायला बसणाऱ्यांची नजर आधी तिच्यावर जाते. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं. लोकांच्या तोंडी गाडी मात्र टेम्पोच राहिली.

आता दुसरं घराणं. वऱ्हाडात जत्रेला निघालेल्या दमणीत खाली कडबा, त्यावर सतरंजी आणि वर वाकवून बांधलेला तट्टा असायचा. मुक्काम पडला की बैल सोडायचे, जू टेकवायचं आणि तीन दगडांची चूल गाडीपासून दहा पावलांवर मांडायची. गाडीत निजायचं, रांधणं, जेवणं, गप्पा सगळं गाडीबाहेर. तट्ट्याची दोन्ही टोकं उघडी, त्यामुळे वारा आरपार वाहायचा.

ट्रक आला तरी ही मांडणी मोडली नाही. शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. वाट महिन्याहून जास्त दिवसांची, आणि अशा पायी वारीचं सामान, भांडीकुंडी, पाणी गाड्यांमधून पुढे जातं. लहान दिंड्यांच्या ट्रकमध्ये अर्ध्या उंचीवर आडव्या फळ्या टाकलेल्या दिसतात: खाली वळकट्या, पिंप, शिध्याची पोती आणि वर थकलेल्यांना पाठ टेकायला जागा. बाजूला ताडपत्री ओढली की सावली तयार. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेतही गाड्यांभोवती असेच संसार मांडले जातात. व्हॅनमध्ये पलंग बांधून त्याखाली सामानाचे खण करण्याची जी रीत आज नवी म्हणून सांगितली जाते, ती या दुमजली ट्रकमध्ये कधीपासून वापरात आहे.

टूरिंग टॉकीजची गाडी हा याच घराण्यातला फार देखणा नमुना. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये सिनेमाचे हे तंबू लागायचे, तेव्हा प्रोजेक्टर जुन्या ट्रकच्या पोटात बसवलेला असे. गाडी तंबूच्या तोंडाशी उभी करायची आणि झोत थेट पडद्यावर. खेळ संपला की मंडळी गाडीच्या आडोशानंच आडवी व्हायची. हंगामभर तोच कारखाना आणि तेच घर. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट या जगावर आहे. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अभिनेत्री पूनम धिल्लन यांनी चित्रीकरणासाठी व्हॅनिटी व्हॅन आणली. ती मात्र पहिल्या घराण्याची, एसीवाली बंद खोली. जनरेटर चालू असेल तोवर सुखाची.

बुलढाण्यात व्हॅन बांधणाऱ्यानं कोणत्या घराण्याचं ऐकावं, हे विजेच्या हिशोबातच ठरतं. १२ व्होल्टचा २५ वॅटचा पंखा रात्रभर ८ तास चालला तर २०० वॅट-तास खातो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरायचे. म्हणजे पंखा, दोन एलईडी दिवे आणि फोन, एवढ्यावर दोन रात्री निघतात. त्याच बॅटरीवर १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर ते ६०० वॅट-तास चोवीस मिनिटांत, इन्व्हर्टरची गळती धरली तर त्याहून लवकर संपतात. एसीचं तर नावच नको. म्हणजे ऐकावं ते दुसऱ्या घराण्याचं: गॅसची शेगडी मागच्या दाराबाहेर काढता येईल अशा सरकत्या फळीवर असावी आणि बाजूला ताडपत्री ताणायला कड्या असाव्यात. चुलीची उष्णता आणि वाफ आत कोंडत नाही, हा फायदा वेगळाच. छताच्या पत्र्याला आतून नायट्राइल रबराची शीट चिकटवायची, बाहेरून पांढरा रंग द्यायचा. छतात गरम हवा ओढून काढणारा पंखा आणि खाली सावलीच्या बाजूला हवा आत यायला जाळी, ही जोडी हवीच. नुसत्या वरच्या पंख्यानं काम होत नाही.

सुटकेच्या वाटेचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून हवा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. जे वाचले ते काचा फोडून बाहेर आले. व्हॅनला आधीच दारं मोजकी. त्यातलं सरकतं दार ओट्यानं आणि मागचं पलंगानं अडवलं, तर आत निजलेल्यांना वाट उरत नाही. एक दार पूर्ण मोकळं, दुसऱ्या बाजूला माणूस निघेल एवढी खिडकी, काच फोडायची हातोडी उशाशी आणि गॅसचं सिलिंडर झोपायच्या जागेपासून वेगळ्या, खालून हवा खेळणाऱ्या कप्प्यात: यात काटकसर करू नये.

पत्रा कापण्याआधी एमएच-२८ ची पाटी देणाऱ्या बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयात जायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा मूळ तपशील मनमानी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. मंजुरी लेखी घ्यावी, आरसीवर नोंद करून घ्यावी, विमा कंपनीला कळवावं.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले गाडीतळ त्यात अपेक्षित आहेत. बुलढाण्यात असा तळ सगळ्यात आधी हवा तो लोणारला. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर २०२० पासून रामसर पाणथळ आहे, आणि त्याच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात साबणाचा एक थेंबही उतरता कामा नये. तळ होईपर्यंत ओट्याखाली वीस लिटरचा कॅन लावायचा, भांड्यांचं पाणी त्यात साठवायचं आणि लोणारहून पुढे निघाल्यावर मुक्कामाच्या शौचालयात रिकामं करायचं.