धुराची चव : ‘आयला’ बेटावरील व्हिस्कीची ओळख

स्कॉच व्हिस्की म्हटले की मध, सुकामेवा, व्हॅनिला यांसारखे मवाळ, गोडसर सुगंध आठवतात. परंतु स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर तयार होणारी व्हिस्की पहिल्यांदा हुंगणारा माणूस बहुधा दचकतो. टिंक्चर आयोडीन, नवे बँडेज, डांबर, विझत आलेली शेकोटी, समुद्राचे शेवाळ, खारवलेली मासळी असे वास एकामागून एक नाकात शिरतात आणि ‘बाटली खराब तर नाही ना?’ असा प्रश्न साहजिकच पडतो. बाटली खराब नसते. हा वास मोठ्या कष्टाने तेथे आणलेला असतो. कोणी पहिल्याच घोटानंतर ग्लास कायमचा दूर सारतो, तर कोणी जन्मभर दुसऱ्या व्हिस्कीकडे ढुंकूनही पाहत नाही.

या प्रकाराला ‘पीटेड’ व्हिस्की म्हणतात. तिच्याविषयी सर्वाधिक पसरलेला गैरसमज असा, की ती फार ‘कडक’ असते, म्हणजेच तिच्यात मद्यार्क अधिक असतो. धुराचा जोर आणि मद्यार्काचा जोर या पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. बेटावरील अत्यंत धुरकट व्हिस्कींपैकी एक असलेली दहा वर्षांची लॅफ्रॉइग ब्रिटनमध्ये ४० टक्के मद्यार्काची विकली जाते. स्कॉच व्हिस्कीसाठी कायद्याने ठरविलेली ही किमान मर्यादा आहे. उलट, धुराचा लवलेशही नसलेल्या काही व्हिस्की थेट पिंपातून बाटलीत भरल्याने ६० टक्क्यांपर्यंत जातात. जिभेला जाणवणारा तिखटपणा मद्याचा की धुराचा, हे ओळखता येणे ही ही व्हिस्की चाखण्याची पहिली पायरी होय.

दलदलीचे बेट

या बेटाच्या इंग्रजी नावातील अक्षरे पाहून अनेकजण ‘इस्ले’ असा उच्चार करतात. खरा उच्चार आहे ‘आयला’. मराठी कानांना तो उद्गार वाटला तर नवल नाही आणि पहिल्या घोटानंतर नेमका तोच उद्गार तोंडून निघाला तर त्यातही नवल नाही! बेटाची वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. तरीही येथील बोमोर १७७९ पासूनची, लॅफ्रॉइग व आर्डबेग १८१५ पासूनच्या, तर लागावूलिन १८१६ पासूनची डिस्टिलरी म्हणून ओळखल्या जातात. १९८३ मध्ये बंद पडलेली पोर्ट एलन डिस्टिलरी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि बेटावरील चालू डिस्टिलऱ्यांची संख्या दहा झाली.

धुराचे मूळ बेटाच्या भूगोलात आहे. येथे पाऊस भरपूर, वारा सोसाट्याचा आणि झाडे विरळ. जमिनीचा मोठा भाग दलदलीचा आहे. पाण्याने सतत चिंब असलेल्या अशा जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही. त्यामुळे मेलेले शेवाळ, गवत, हेदरची झुडपे पूर्णपणे कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साचून जो काळपट तपकिरी, लोण्यासारखा कापता येणारा पदार्थ तयार होतो, तो म्हणजे पीट. कापून उन्हा-वाऱ्यात वाळवलेल्या पीटच्या विटा मंदपणे जळतात आणि दाट धूर सोडतात. लाकूड नाही, कोळसा बाहेरून आणणे परवडत नाही, अशा स्थितीत बेटवासीयांच्या चुलीत शतकानुशतके हेच इंधन होते आणि धान्य वाळवण्याच्या भट्टीतही तेच होते.

एके काळी स्कॉटलंडच्या इतर भागांतील व्हिस्कीही धुरकटच असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, मुख्य भूमीवर कोळसा व कोक सहज मिळू लागला आणि तेथील व्हिस्कीतून धूर हळूहळू ओसरला. समुद्रापलीकडील आयलात मात्र तो टिकला. ज्याला आज चोखंदळांची आवड मानले जाते, ते मुळात गरजेपोटी आलेले होते.

धूर व्हिस्कीत शिरतो कसा?

पीटमधून वाहणाऱ्या तपकिरी पाण्यामुळे व्हिस्की धुरकट होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. धूर येतो तो धान्यातून. सिंगल माल्टसाठी बार्ली, म्हणजे आपले सातू, दोन-तीन दिवस पाण्याचे हात देऊन भिजवतात व पुढे काही दिवस मोड येऊ देतात. मोडामुळे दाण्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार होतात. योग्य वेळी ही वाढ थांबवणे आवश्यक असते. त्यासाठी मोडाचे धान्य सच्छिद्र तळाच्या भट्टीवर पसरून खालून उष्णता देतात. दाणे ओलसर असतानाच पीटचा धूर सोडला, तर त्यातील फिनॉल वर्गातील रसायने सालीला चिकटून बसतात. दाणा कोरडा झाला की धूर फारसा पकडत नाही. वांग्याच्या भरताला निखाऱ्याचा धुंगार देताना ते गरम व ओलसर असावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

पुढे हे धान्य भरडून त्याचा गोड काढा काढतात, तो आंबवतात आणि तांब्याच्या पात्रांत दोनदा ऊर्ध्वपातन करतात. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरल्याशिवाय त्या द्रवाला कायद्याने स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही.

आकड्यांचा मोह

पीटेड व्हिस्कीच्या चाहत्यांमध्ये ‘पीपीएम’ हा शब्द फार लोकप्रिय आहे. दशलक्ष भागांत फिनॉलचे किती भाग, याचे हे माप. बोमोरसाठी साधारण २५, लागावूलिन व कूल ईलासाठी ३५ च्या आसपास, लॅफ्रॉइगसाठी ४० ते ४५ आणि आर्डबेगसाठी ५५ असे आकडे सांगितले जातात. ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ‘ऑक्टोमोर’ या मालिकेतील एका व्हिस्कीने तर तीनशेचा आकडा ओलांडला.

मात्र हा आकडा ग्लासातील व्हिस्कीचा नसून वाळवलेल्या माल्टचा असतो. भरडणे, काढा काढणे व ऊर्ध्वपातन या प्रत्येक टप्प्यावर फिनॉल कमी होत जातो. पिंपात मुरताना धुराची धार आणखी मंदावते. ऊर्ध्वपातनात धुराचे जड रेणू उशिरा बाहेर पडतात. त्यामुळे द्रव गोळा करणे कोणत्या क्षणी सुरू करायचे आणि कोणत्या क्षणी थांबवायचे, यावर धुराचे प्रमाण व स्वभाव दोन्ही ठरतात. लॅफ्रॉइगमध्ये सुरुवातीचा फळांसारखा गंध असलेला भाग बराच वेळ बाजूला काढला जातो, म्हणून तिचा औषधी वास उघडा पडतो. आर्डबेगच्या पात्राला जोडलेले शुद्धीकरण-यंत्र जड वाफा परत खाली पाठवते, म्हणून अधिक पीपीएम असूनही तिच्यात लिंबासारखा हलकेपणा आढळतो.

केवळ कृती उचलून चव उचलता येत नाही, याचा एक दाखला बेटाच्या इतिहासातच आहे. लागावूलिनचे मालक पीटर मॅकी यांच्या हातून लॅफ्रॉइगच्या विक्रीचे हक्क गेले, तेव्हा त्यांनी १९०८ मध्ये आपल्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची डिस्टिलरी उभारली. हेतू एकच, शेजारच्या लॅफ्रॉइगसारखी व्हिस्की बनवणे. पात्रे तशीच घडवली, पीटही वापरले. पण व्हिस्की लॅफ्रॉइगसारखी झाली नाही. १९६२ मध्ये माल्ट मिल बंद झाली.

रुग्णालयाचा वास का?

‘दवाखान्यासारखा वास येतो’ ही तक्रार निव्वळ कल्पनाविलास नाही. पीटच्या धुरातील फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जखमांवर त्याचा वापर करून जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला. क्रेसॉल हे त्याचे भावंड पुढे जंतुनाशक द्रावणांत वापरले गेले. रुग्णालयाच्या फरशीला जो वास असे, त्याच कुळातील रसायने ग्लासात असतात. शेकोटीचा, भाजल्याचा गंध प्रामुख्याने ग्वायाकॉलचा. म्हणजे नाक फसत नाही, ते अचूक ओळखते. फक्त या ओळखीच्या वासाला अनोळखी ठिकाणी भेटण्याची त्याला सवय नसते.

चाखण्याची रीत

एकाच बैठकीत अनेक व्हिस्की चाखायच्या असतील, तर पीटेड नेहमी शेवटी ठेवावी. धुराची चव जिभेवर रेंगाळते आणि नंतर आलेल्या नाजूक व्हिस्कीला काही बोलूच देत नाही. ग्लास तोंडाशी निमुळता, ट्यूलिपच्या फुलासारखा असावा. त्यात १५ ते २० मिलिलिटर पुरेसे. रंगावरून मत बनवू नये, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास परवानगी आहे.

ग्लास नाकात खुपसू नये. हनुवटीजवळ धरून, ओठ किंचित विलग ठेवून सावकाश हुंगावे. पहिल्या भेटीत केवळ धूरच जाणवतो. दोन मिनिटे ग्लास खाली ठेवावा आणि पुन्हा हुंगावे. नाक धुराला सरावले की त्यामागे दडलेले लिंबू, नासपती, मध, ओली माती, खारा वारा पुढे येऊ लागतात. धुराच्या पलीकडे काही उरते का, हीच चांगल्या पीटेड व्हिस्कीची कसोटी.

पहिला घोट अगदी लहान घ्यावा, कारण तो केवळ जिभेला सावध करतो. दुसरा घोट तोंडात काही क्षण फिरवावा. गोडवा आधी, खारटपणा मागून आणि राखेची कोरडी चव शेवटी, असा क्रम अनेकदा आढळतो. त्यानंतर थेंबा-थेंबाने साधे पाणी घालावे. पाण्याने व्हिस्की ‘बिघडते’ ही समजूत चुकीची आहे. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपांच्या आधारे दाखवले, की मद्यार्काचे प्रमाण उतरले की ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात. म्हणजे थोड्या पाण्याने धुराचा सुगंध उलट खुलतो. पाणी घालताच व्हिस्की किंचित गढूळ झाली तरी घाबरू नये. थंड करून गाळलेली नसलेल्या व्हिस्कीत असे होतेच. बर्फाने मात्र सुगंध गोठतो, तो टाळावा.

सोबत तिखट चखणा नको, मसाल्यापुढे धूर हरतो. आयलात तिच्यासोबत कालवे खातात. उग्र निळ्या चीजशीही तिचे चांगले जमते. घोट गिळलाच पाहिजे असेही नाही. दिवसभरात अनेक नमुने तपासणारे व्यावसायिक चाखणारे तो थुंकून टाकतात. महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असणे बंधनकारक आहे, याचेही भान असावे.

भारतातील धूर

धुराची ही परंपरा आता स्कॉटलंडपुरती राहिलेली नाही. बंगळुरूच्या ‘अमृत’ने आपल्या ‘फ्यूजन’ या व्हिस्कीत भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीटेड बार्ली वापरली. गोव्यातील ‘पॉल जॉन’ही स्कॉटलंडहून आणलेल्या पीटवर धुरावलेल्या माल्टची व्हिस्की तयार करते. उष्ण हवेमुळे येथे पिंपातील व्हिस्की स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगाने उडून जाते आणि लाकडाचा गुणही लवकर उतरतो. त्यामुळे तरुण वयातच तिला पक्वता येते. भारतीय पीटेड व्हिस्कीत धुराच्या जोडीला गूळ व मसाल्यांकडे झुकणारा गोडवा जाणवतो. आयलाचा खारा वारा मात्र तिच्यात शोधू नये.

हजार वर्षांचा थर

या चवीची एक किंमत आहे आणि ती बाटलीवर छापलेली नसते. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे एक मीटर जाडीचा थर साचायला सुमारे हजार वर्षे लागतात. भट्टीत तो काही तासांत जळून जातो. शिवाय जगाच्या भूभागाचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापणाऱ्या पीटच्या जमिनींनी सर्व जंगलांहून अधिक कार्बन धरून ठेवला आहे. त्या कोरड्या पडल्या की तो वातावरणात सुटू लागतो. स्कॉटलंडच्या सरकारने २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर पीटभूमी पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट म्हणूनच ठेवले आहे.

हा संघर्ष आयलाला नवा नाही. १९८० च्या दशकात डूइच मॉस या दलदलीतून व्हिस्कीसाठी पीट काढण्याचा बेत आखला गेला. तेथे ग्रीनलंडहून येणारे पांढऱ्या कपाळाचे हंस हिवाळ्यात मुक्काम करतात. पक्षिप्रेमींनी विरोध केला, तर रोजगार जाण्याच्या भीतीने बेटवासी संतापले. १९८५ मधील सभेत प्रसिद्ध निसर्ग अभ्यासक डेव्हिड बेलामी यांनाही त्यांच्या रोषाला सामोरे जावे लागले. अखेर प्रकरण युरोपीय आयोगापर्यंत गेले, पीटसाठी दुसरी जागा शोधण्यात आली आणि दलदल वाचली. बागकामासाठी उपसल्या जाणाऱ्या पीटच्या तुलनेत व्हिस्कीचा वाटा अल्प आहे, हे खरे. तरीही कमी पीटमध्ये तोच धूर कसा मिळवायचा, हा प्रश्न या उद्योगाला टाळता येणार नाही.

चाखून झाल्यावर ग्लास लगेच धुऊ नये. रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगावा. मद्य केव्हाच उडून गेलेले असते. उरतो तो थंड झालेल्या चुलीचा, राखेचा वास. आयलाच्या दलदलीत शेकडो वर्षे साचलेल्या शेवाळाचा आणि हेदरचा तो अखेरचा अंश असतो. तो ओळखता आला, की ही व्हिस्की भराभर पिण्याची नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.