बलक तारी, बलकच मारी

गोठित रेताची कुळकथा 1949 पासून सांगायची पद्धत पडली आहे. लंडनच्या मिल हिलमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या हाती चुकीच्या लेबलची बाटली लागली, साखरेऐवजी आत ग्लिसरॉल निघालं आणि कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जगले. किस्सा झकास, पण सांगून सांगून गुळगुळीत झालेला. खरी गंमत त्याआधीच्या अंड्यात आहे.

1940 च्या सुमारास अमेरिकेत फिलिप्स आणि लार्डी यांनी वळूच्या रेतात अंड्याचा बलक मिसळला. थंडीच्या धक्क्यातून शुक्राणूचं आवरण त्यामुळे बचावतं. 1946 ते 1950 या काळात टॉसिक आणि वॉल्टन यांनी इंग्लंडात या तारणहाराची दुसरी बाजू उघडी पाडली. बलकातली काही अमिनो आम्लं आणि हवेतला ऑक्सिजन यांतून वळूचे शुक्राणू हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि त्यानंच स्वतः लुळे पडतात. कॅटालेज हे पेरॉक्साइड मोडणारं विकर (एन्झाइम) घातलं की विष उतरतं.

कुणी म्हणेल, या शोधाचा मान मॅक्लाउड या संशोधकाचा. त्यानं 1943 मध्येच ऑक्सिजनचा घात आणि कॅटालेजचा उतारा दाखवला होता. दाखवला, पण माणसाच्या शुक्राणूंवर. बलक तिथे नव्हता, गोठाही नव्हता.

पेरॉक्साइड बनवणारं विकर मेलेल्या शुक्राणूंमध्ये जोरात चालतं, हे न्यूझीलंडच्या शॅनन आणि कर्सन यांनी 1972 मध्ये मांडलं. म्हणजे मेलेले जिवंतांना मारतात! गोठवताना तर बरेचसे मरतातच. गाय भरवायला आलेला माणूस कंटेनरमधून पाव मिलीची कांडी काढून 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतो, तेव्हा आत दोन्ही शेजारी असतात.

दुसरा पक्ष मायटोकाँड्रियातून गळणाऱ्या ऑक्सिजनकणांना दोषी धरतो. शुक्राणूच्या आवरणातली असंतृप्त चरबी त्यांच्यामुळे खवट होते, हेही खरंच. पण वळूच्या बाबतीत माझं बोट आधी मेलेल्यांकडे जातं. शॅननच्या रेत पातळ करायच्या कॅप्रोजेन द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलत आणि वर कॅटालेज घालत. ते रेत न गोठवताच वापरलं जाई.

आज ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन असं बरंच काही घालून पाहतात. अति झालं तर तेही नडतं, कारण फलनाच्या तयारीसाठी शुक्राणूला थोडं पेरॉक्साइड लागतंच. रेतातल्या अँटिऑक्सिडंटची जन्मतारीख विचाराल, तर गोठ्यापुरती मी 1946 लिहीन, 1949 नव्हे.